पक्क्या नळीची स्प्रिंग एअर रायफल: अंडरलिव्हर की साइडलिव्हर?

जत्रेत फुगे फोडायला जी छऱ्याची बंदूक मिळते, तिची नळी मधून मोडायची, छर्रा भरायचा, नळी पुन्हा सरळ करायची. बहुतेकांनी स्प्रिंगची एअर रायफल म्हणून हीच पाहिलेली असते. दुसऱ्या जातीत नळी जागची हलत नाही. ती रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलच्या मुख्य धडात, पक्की बसवलेली असते आणि स्प्रिंग ताणायला वेगळा दांडा असतो. दांडा नळीखाली असेल तर अंडरलिव्हर, बाजूला असेल तर साइडलिव्हर. हा लेख या दुसऱ्या जातीबद्दल आहे. ती कोणी घ्यावी, कोणती घ्यावी आणि घेताना काय तपासावं, एवढंच सांगायचं आहे.

आधी नळी पक्की असण्याचा फायदा नेमका किती, ते मोजून पाहू. मोडणाऱ्या रायफलमध्ये दुर्बीण बसते रिसीव्हरवर आणि छर्रा निघतो नळीतून. या दोघांमधला कोन दर वेळी नळी बंद होताना बिजागरी आणि खटका ठरवतात. बिजागरीपासून नळीच्या मागच्या तोंडापर्यंतचं अंतर साधारण ३ सेंटीमीटर धरा. नळी बंद होताना तिथे ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका, तर ४० मीटरवर छर्रा जवळजवळ २७ मिलिमीटर सरकतो. २५ मिलिमीटरच्या निशाण्यावर नेम धरणाऱ्याचा तो बार वाया गेला. पक्क्या नळीत हा कोन बदलायला जागाच नाही.

याचा अर्थ मोडणारी नळी वाईट असा मात्र नाही. चांगल्या कारखान्याची, बिजागरीचा बोल्ट नीट आवळलेली मोडणारी रायफल दर वेळी त्याच जागी बंद होते, आणि २५ मीटरच्या आत दोघींमधला फरक बहुतेकांना कागदावर शोधूनही सापडणार नाही. पक्की नळी घेतल्यावर वजन वाढतं, छर्रा भरायला अडचण होते, नळी साफ करणं किचकट होतं आणि बोटांना धोका निर्माण होतो. ३० ते ५० मीटरवर सातत्याने लहान निशाणा मारायचा असेल तरच ही किंमत वसूल होते. घराच्या अंगणात १० मीटरवर कागद मारायचा असेल, किंवा रायफल चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायची असेल, तर कमी ताकदीची, हलकी, मोडणारी रायफलच घ्या.

छर्रा कुठून भरायचा

नळी मोडत नसेल तर छर्रा आत जाणार कसा, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून पक्क्या नळीच्या रायफलींचे तीन प्रकार पडतात. अंडर की साइड या वादापेक्षा मला हा फरक जास्त महत्त्वाचा वाटतो.

सगळ्यात जुनी पद्धत तोटीची. लिंकन जेफ्रीज यांच्या रचनेवर बीएसए कंपनीने १९०५ मध्ये जी अंडरलिव्हर आणली, तिच्यात नळीच्या मागे पाण्याच्या तोटीसारखा फिरणारा खुंटा होता. खुंटा उभा फिरवायचा, वरच्या भोकात छर्रा टाकायचा आणि खुंटा आडवा करायचा. दुसऱ्या महायुद्धानंतरची बीएसए एअरस्पोर्टर आणि वेब्ली मार्क ३ याच पद्धतीच्या. बोटाला धोका नाही आणि भरायला सोपी, हे तिचे गुण. दोष असा की छर्रा नळीच्या आतल्या पीळदार खाचांमध्ये आधीपासून बसलेला नसतो. तो खुंट्याच्या भोकातून उडी मारून नळीत शिरतो, आणि खुंटा झिजला की भोक आणि नळी एका रेषेत राहत नाहीत. मग छर्रा शिरतानाच एका बाजूने खरवडतो. झिजलेला खुंटा हवाही सोडतो. तो दुरुस्त करायला हाताने घासून बसवणारा कसबी कारागीर लागतो. या रायफली जपून ठेवण्यासारख्या आहेत. नेमबाजीसाठी पहिली रायफल म्हणून घेऊ नयेत.

तोटीचा आजचा स्वस्त भाऊ म्हणजे गामो कंपनीच्या सीएफएक्ससारख्या अंडरलिव्हरमधला फिरता ब्रीच, म्हणजे नळीच्या मागचा फिरणारा तुकडा. वजनाला हलकी, बोटांना सुरक्षित, पण छऱ्याच्या उडीची मूळ अडचण थोड्याफार प्रमाणात तशीच राहते.

तिसरी पद्धत सरकत्या सिलिंडरची, आणि आज गंभीर नेमबाज जी पक्क्या नळीची स्प्रिंग रायफल घेतो ती हीच. इथे पिस्टन, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने हवा दाबणारा दट्ट्या, ज्या नळकांड्यात धावतो, ते नळकांडंच लिव्हर ओढल्यावर मागे सरकतं. त्याच्या पुढे मोकळी झालेली जागा म्हणजे छर्रा भरायची खिडकी. छर्रा थेट नळीच्या मागच्या तोंडात अंगठ्याने दाबून बसवायचा, लिव्हर परत आणायची, की सिलिंडर पुढे येऊन त्याच्या तोंडावरचं सील नळीला घट्ट टेकतं. हवेचा मार्ग आखूड आणि मधोमध राहतो, छर्रा खाचांमध्ये आधीच बसलेला असतो. जर्मनीच्या वाइरॉखची एचडब्ल्यू ७७, तिचीच उघड्या साइट्स (दुर्बिणीशिवाय नेम धरायची माशी आणि खाच) नसलेली बहीण एचडब्ल्यू ९७, ब्रिटनच्या एअर आर्म्सची टीएक्स २००, डायना कंपनीच्या ४८, ५२, ५४ या साइडलिव्हर आणि ४६० ही अंडरलिव्हर, सगळ्या याच पद्धतीच्या. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये फील्ड टार्गेट हा वेगवेगळ्या अंतरावरचे पडणारे निशाणे मारायचा खेळ वाढला तो एचडब्ल्यू ७७ च्या जोरावर, आणि स्प्रिंग रायफलच्या गटात हेच घराणं आजही पुढे आहे.

बोट आणि सिलिंडर

सरकत्या सिलिंडरचा धोका सविस्तर सांगायलाच हवा. लिव्हर ओढलेली आहे, स्प्रिंग ताणलेली आहे, आणि तुमचा अंगठा नेमका त्या खिडकीत आहे जिथे सिलिंडर परत येणार. चापाचा खटका त्या क्षणी सुटला तर सिलिंडर स्प्रिंगच्या पूर्ण जोराने पुढे येतं आणि बोटाचं टोक कापलं जातं. स्वस्त, ढिल्या खटक्याच्या अंडरलिव्हर आणि साइडलिव्हर रायफलींनी असे अपघात झालेले आहेत.

म्हणून चांगल्या रायफलमध्ये सिलिंडर धरून ठेवणारी वेगळी योजना असते. टीएक्स २०० मध्ये दातेरी अडसर आहे. लिव्हर ओढताना तो टकटक आवाज करत टप्प्याटप्प्याने पकडतो, आणि खिडकीजवळची कळ दाबल्याशिवाय सिलिंडर पुढे येत नाही. डायना ४८ च्या घराण्यातही लिव्हर परत आणायला बटण दाबावं लागतं. लिव्हर हातातून निसटली तरी असा अडसर बोट वाचवतो. तरीही माझा नियम एकच आहे आणि तो कोणत्याही रायफलला लागू करा: बोट खिडकीत असेपर्यंत दुसऱ्या हाताने लिव्हर पूर्ण मागे धरून ठेवायची. लिव्हर सोडून छर्रा शोधायला डबीत हात घालायचा नाही. छर्रा आधी बोटांत घ्यायचा, मग लिव्हर ओढायची.

हे दुकानातच करून पाहा. रायफलचा कुंदा मांडीवर टेकवा, एका हाताने लिव्हर धरा, दुसऱ्या हाताने छर्रा बसवा. जाड बोटांच्या माणसाला दुर्बीण लावल्यावर खिडकीत जागा उरत नाही. दुर्बिणीचा मागचा भाग खिडकीवर किती झुकतो हे दुर्बीण लावूनच कळतं, तेव्हा तिच्यासकट पाहा.

दांडा खाली की बाजूला

अंडरलिव्हरचं वजन नळीच्या बरोबर खाली, मधल्या रेषेत असतं. रायफल हातात तोललेली वाटते आणि बार सुटताना कुठल्या एका बाजूला झुकत नाही. साइडलिव्हरचं वजन उजव्या अंगाला असल्यामुळे रायफल किंचित उजवीकडे कलते. हा कल दर वेळी सारखाच राहिला तर बिघडत नाही, पण थकलेल्या हातात तो सारखा राहत नाही. रायफल कलली की दूरच्या निशाण्यावर छर्रा कललेल्या बाजूला आणि थोडा खाली लागतो. साइडलिव्हर घेणाऱ्याने दुर्बिणीवर लहानशी पाणपातळी लावावी.

दुसऱ्या बाजूला, टेबलावर बसून किंवा पालथं झोपून नेम धरणाऱ्याला साइडलिव्हर फार सोयीची. रायफल टेकूवरून न उचलता ताणता येते. अंडरलिव्हर ताणायला रायफल उचलून, कुंदा मांडीवर किंवा कमरेशी रोवून दांडा खाली-मागे आणावा लागतो. फील्ड टार्गेटमध्ये बसून नेम धरतात, त्यामुळे तिथे याचा त्रास होत नाही. डावखुऱ्याला साइडलिव्हर सहसा अडचणीचीच. दांडा उजवीकडे आणि तो ओढायला त्याचा कमजोर हात.

लाकडाचाही प्रश्न आहे. अंडरलिव्हरच्या दांड्यासाठी स्टॉकच्या पुढच्या भागाला खालून लांब खाच पाडावी लागते. त्यामुळे खाचेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड पातळ होतं आणि तिथले स्क्रू धक्क्याने ढिले पडतात. रायफल अचानक इकडे-तिकडे मारू लागली तर दुर्बिणीवर संशय घेण्याआधी हे स्क्रू पाहा. निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब आणि बेताचा आवळ पुरतो. लाल थ्रेडलॉकर लावू नका. पुन्हा उघडताना स्क्रूचं डोकं खराब होतं. जास्त आवळलं तर लाकूड दबतं आणि आठवड्याने स्क्रू पुन्हा ढिला होतो.

साइडलिव्हरमधल्या डायना ५४ चा उल्लेख वेगळा करायला हवा. तिचा संपूर्ण यांत्रिक भाग स्टॉकवर रुळांवर बसवलेला असतो आणि बार सुटताना मागे सरकतो, त्यामुळे खांद्याला आणि गालाला धक्का जवळजवळ लागत नाही. हीच कल्पना फाइनवेर्कबाउ कंपनीच्या ३००एस या १० मीटरच्या साइडलिव्हरमध्ये फार देखण्या रीतीने वापरलेली आहे. डायना ७५ मध्ये धक्का नाहीसा करण्यासाठी उलट दिशेने धावणारा दुसरा पिस्टन आहे. ३००एस आणि ७५ जुन्या बाजारात मिळतात. १० मीटरसाठी अजूनही उत्तम, पण डायना ७५ घेताना सील बदललेली आहेत का हे विचारा; जुनी सील रायफल न वापरताही कालांतराने भुगा होतात. डायना ५४ ची किंमत वजनात मोजावी लागते: दुर्बिणीशिवाय साडेचार किलोंच्या वर.

ताकद किती घ्यावी

इथे सर्वांत जास्त चुका होतात. जाहिरातीतला वेग बघून रायफल निवडली जाते. स्प्रिंग रायफलमध्ये ताकद फुकट मिळत नाही. पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते. पिस्टन हवेच्या उशीवर थांबतो तेव्हा रायफल पुढे झेपावते. ही उलटसुलट हालचाल छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच सुरू झालेली असते. स्प्रिंग जितकी जोरकस तितकी ही हालचाल मोठी आणि हाताची पकड थोडी बदलली तरी छऱ्याची जागा बदलणारी. २७-२८ ज्यूल ऊर्जेच्या रायफलवर ४० मीटरला लहान गट काढणारा, म्हणजे सगळे छर्रे जवळजवळ पाडणारा, माणूस फार सरावाचा असतो. तोच माणूस १६ ज्यूलच्या रायफलवर अर्ध्या मेहनतीत तेवढाच गट काढतो.

१६ हा आकडा ब्रिटनमधून येतो. तिथे परवान्याशिवाय चालणाऱ्या एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे १६.२७ ज्यूल. टीएक्स २०० आणि एचडब्ल्यू ९७ या मर्यादेत सर्वांत गोड चालतात. जर्मनीत मर्यादा ७.५ ज्यूलची आणि अशा रायफलवर पंचकोनात एफ अक्षर कोरलेलं असतं. भारतात शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० ज्यूल, म्हणजे १५ फूट-पौंडांपेक्षा जास्त ऊर्जा असेल किंवा नळीचा व्यास ०.१७७ इंचापेक्षा मोठा असेल, तर परवाना लागतो. म्हणजे ०.२२ ची रायफल कमी ताकदीची असली तरी परवान्याशिवाय चालत नाही, आणि पूर्ण ताकदीच्या डायना ४८ किंवा ४६० मर्यादेबाहेर जातात. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या ताकदीच्या आवृत्त्या असतात, म्हणून नुसतं मॉडेलचं नाव विचारून भागत नाही.

ऊर्जा स्वतः मोजा. छऱ्याचं वजन ग्रॅममध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात घ्या. वेगाचा वर्ग गुणिले वजन, भागिले २०००, म्हणजे ज्यूल. ०.५४७ ग्रॅमचा छर्रा, म्हणजे ८.४४ ग्रेनचा, सेकंदाला २४४ मीटरने गेला तर १६.३ ज्यूल होतात. तोच २७० मीटरने गेला तर २० ज्यूलच्या अगदी काठावर. ०.५१ ग्रॅमच्या छऱ्यासाठी ही सीमा २८० मीटर. वेग मोजायचं क्रोनोग्राफ यंत्र क्लबमध्ये असतं. दहा बार मोजा. वेगातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांत ४-५ मीटरचा फरक असेल तर रायफल निरोगी आहे. १० मीटरच्या वर फरक असेल तर सील, वंगण किंवा छर्रे यांतलं काहीतरी बिघडलेलं आहे.

आणि पाखरं, खारी, माकडं हे निशाणे नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली शिकार गुन्हा आहे, मग हत्यार कोणतंही असो.

मग कोणती

माझं मत स्पष्ट आहे. एकच रायफल घ्यायची, ३०-५० मीटरवर मारायची, आणि वजन पेलत असेल, तर ०.१७७ व्यासाची, १६ ज्यूलची, सरकत्या सिलिंडरची अंडरलिव्हर. त्यात टीएक्स २०० की एचडब्ल्यू ९७, हा प्रश्न हाताने सोडवायचा.

टीएक्स कारखान्यातूनच गुळगुळीत येते. पिस्टनला घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या असतात, स्प्रिंगची सुरुवातीची ताण कमी असल्यामुळे ती खोलायला स्प्रिंग दाबायचं यंत्रही लागत नाही. वजन ४.२ किलोंच्या आसपास. दुर्बीण लावली की पावणेपाच-पाच. तिची आखूड आवृत्ती एचसी नावाने मिळते. स्प्रिंग रायफलमध्ये छऱ्याला वेग मिळतो तो नळीच्या पहिल्या वीतभर लांबीत, म्हणून नळी आखूड असण्याने अचूकता घटत नाही. मात्र आखूड लिव्हर ताणायला जड जाते. हाच तोटा एअर आर्म्सच्याच प्रो-स्पोर्टला. तिची लिव्हर स्टॉकमध्ये लपते, दिसायला फार सुंदर, पण ताणायला थकवते. पन्नास-साठ छर्रे मारायचे असतील तर हा फरक जाणवतो.

एचडब्ल्यू ९७ किंचित हलकी आणि सडपातळ. तिचा रेकॉर्ड नावाचा चाप स्प्रिंग रायफलमधल्या उत्तम चापांपैकी एक: पहिला टप्पा मोकळा, मग स्पष्ट भिंत, मग काच तुटावी तसा सुटतो. चापाच्या मागच्या स्क्रूने चापाचा जडपणा कमी-जास्त करता येतो. कारखान्याने बसवलेले बाकीचे स्क्रू हलवू नका. टप्प्यांची पकड फार कमी केली तर लिव्हर बंद करतानाच बार सुटू शकतो, आणि मघाशी सांगितलेला अंगठ्याचा धोका इथेच येतो. नवी एचडब्ल्यू कधीकधी बार सुटल्यावर स्प्रिंगचा टणत्कार करते. तो स्प्रिंग आणि तिच्या मार्गदर्शक दांड्यातल्या ढिलाईचा आवाज आहे. घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मार्गदर्शक आणि दाट ग्रीसचा पातळ लेप दिला की तो जातो.

उघड्या साइट्सवर मारायची हौस असेल तर एचडब्ल्यू ७७. ९७ आणि टीएक्सवर साइट्स नसतात. टेबलावर बसूनच मारणार असाल आणि परवान्याचा प्रश्न सुटलेला असेल, तर डायना ५२ किंवा ५४. डायना ४८ ही ५२ चीच साध्या लाकडातली बहीण.

दुर्बीण आणि तिची पकड

स्प्रिंग रायफलचा धक्का दोन्ही दिशांचा असल्यामुळे काडतुसाच्या बंदुकीसाठी बनवलेली महागडी दुर्बीणही यावर फुटू शकते. एअर रायफलसाठी बनवलेली, १० मीटरपर्यंत फोकस होणारी दुर्बीण घ्या. दुर्बीण रायफलवर धरून ठेवणारा माउंट ११ मिलिमीटरच्या खाचांचा, शक्यतो एकाच तुकड्याचा, आणि रोधक खिळा असलेला. हा खिळा रिसीव्हरवरच्या भोकात पूर्ण उतरवा आणि भोकाच्या मागच्या कडेला टेकवून मग स्क्रू आवळा. खिळा नुसता वर टेकला असेल तर माउंट मागे सरकत राहतो. रिंगचे स्क्रू आलटून-पालटून, साधारण २ न्यूटन-मीटरपर्यंत. डायनाच्या काही रायफलींत नळी रिसीव्हरच्या तुलनेत किंचित खाली झुकलेली असते. उंचीचा नॉब संपेपर्यंत फिरवूनही छर्रे खालीच लागत असतील तर मागून उंच असलेला माउंट लागतो. नॉब शेवटाला नेऊन वापरू नका. आतली स्प्रिंग ढिली पडते आणि दुर्बिणीवर लावलेला नेम टिकत नाही.

जुनी रायफल तपासताना

लिव्हरच्या सांध्याला बाजूने हलवून पाहा; थोडी हालचाल चालते, खडखड नको. ताणलेल्या रायफलचा खटका धरतो का, हे लिव्हर हातात घट्ट धरून पाहा. सिलिंडर जिथे नळीला टेकतं तिथे टिश्यू कागदाची पट्टी ठेवा, छर्रा भरून सुरक्षित आडोशावर बार करा. कागद फडफडला किंवा उडाला तर तोंडाचं सील गळतं. ते सील स्वस्त आणि बदलायला सोपं, तेवढ्यावरून सौदा मोडू नका. पिस्टनचं सील गेलं असेल तर वेग पडतो आणि बार संपताना धातूवर धातू आपटल्याचा कोरडा आवाज येतो.

धूर आणि मोठा फटाक्यासारखा आवाज आला तर कोणीतरी सिलिंडरमध्ये तेल घातलेलं आहे. दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेतं, सील जळतं, स्प्रिंग तुटते. नवी रायफलही पहिले काही बार थोडी धुरते, ते आपोआप थांबतं. न थांबल्यास खोलून पुसा. छर्रा न भरता रिकामा बार कधीच करू नका. पुढे हवेची उशी तयार होत नाही आणि पिस्टन सरळ भिंतीवर आदळतो.

छर्रे, पकड, पावसाळा

१० मीटरवर सपाट डोक्याचे छर्रे कागदाला स्वच्छ भोक पाडतात. त्यापुढे घुमटाकार. वजन ०.५ ते ०.५५ ग्रॅम. फार हलका छर्रा लवकर सुटतो आणि पिस्टन आपटतो. फार जड छर्रा रेंगाळतो आणि पिस्टन उशीवरून मागे उसळतो. ४.५१ आणि ४.५२ मिलिमीटर डोक्याचे छर्रे दोन्ही आणून पाहा. कोणता आवडतो हे प्रत्येक नळी स्वतः ठरवते. पहिले तीनशे-चारशे बार होईपर्यंत निकाल देऊ नका. त्यानंतर २५ मीटरवर पाच छर्ऱ्यांचे अनेक गट काढा. बहुतेक गट २० मिलिमीटरच्या आत यायला हवेत. चांगल्या हातात त्याच्या अर्धे येतात.

रायफल घट्ट आवळू नका. पुढचा हात उघडा, तळव्यावर रायफल नुसती टेकलेली, खांद्याशी हलका स्पर्श. तिला जसं मागे-पुढे व्हायचं तसं होऊ द्यायचं, पण दर वेळी त्याच जागेवरून. पुढचा हात कुठे टेकतो तिथे स्टॉकवर खूण करा. जड अंडरलिव्हर या बाबतीत मोडणाऱ्या रायफलीपेक्षा पुष्कळ सहनशील असते, हा तिचा दुर्लक्षित गुण.

कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत गंजाचा प्रश्न खरा आहे. हाताच्या घामाचे ठसे एका रात्रीत काळ्या पॉलिशवर उमटतात. बार संपले की पातळ तेलाचा हात फिरवलेल्या फडक्याने नळी, लिव्हर आणि सिलिंडरचा दिसणारा भाग पुसा. खिडकीत तेलाचा थेंब जाऊ देऊ नका. फोमच्या पिशवीत रायफल वर्षभर ठेवू नका, फोम ओल धरतो. कपाटात उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसह, स्प्रिंग न ताणलेली. लिव्हरच्या सांध्यांना मॉलिब्डेनम ग्रीस वर्षातून एकदा, मसुराच्या दाण्याएवढं.

नळी साफ करताना पक्क्या नळीची शेवटची अडचण येते: मागून गज घालता येत नाही, आणि खिडकी उघडायची तर स्प्रिंग ताणावी लागते. हे काम दोघांनी करा. एकाने लिव्हर पूर्ण मागे धरून ठेवायची, सेफ्टी लावलेली आणि बोटं चापापासून दूर. दुसऱ्याने गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी पुढच्या तोंडातून आत सरकवायची, ती खिडकीत आली की चिमट्याने धरून तिच्या टोकाला कापडाची चिंधी अडकवायची, बोट घालायचं नाही, आणि चिंधी पुढे ओढून काढायची. दोन-तीन चिंध्या पुरतात. साफ केलेली नळी लगेच जुन्या जागी मारत नाही. शिशाचा पातळ थर पुन्हा बसायला दहा-वीस छर्रे लागतात. तोवर दुर्बिणीच्या नॉबला हात लावू नका.